भिंतीपलीकडचं टपाल

नळाला उद्या पहाटे पाणी येणार आहे, अशी सूचना देणारं पत्र मला मिळालं तेव्हा पाणी येऊन गेलेलं होतं. पत्र पाठवणारे माझे घरमालक होते आणि ते माझ्या खालच्याच मजल्यावर राहत होते. पाकिटावर माझं नाव, 'वरचा मजला' असा पत्ता, पिनकोड आणि कोपऱ्यात अगदी सरळ चिकटवलेलं तिकीट होतं.

सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, हे सोलापूरकराला सांगायला नको. बाकीच्यांनी एवढंच समजून घ्यावं, की चार-पाच दिवसांतून एकदा येणारं पाणी चुकलं तर माणूस उरलेल्या बादलीकडे फार मायेनं बघू लागतो. मी अकलूजची. कालव्याच्या कडेला वाढलेल्या माणसाला पाण्याची वाट बघायची सवय नसते. बियाण्यांच्या एका कंपनीत नोकरी लागली म्हणून मी सोलापुरात खोली घेतली होती आणि त्याला आठवडाही झाला नव्हता. ते पत्र हातात घेऊन मी तणतणत खाली गेले.

त्यांनी पत्र वाचलं नाही, माझ्याकडेही बघितलं नाही. चष्मा कपाळावर सरकवून पाकिटावरचा शिक्का डोळ्यांजवळ नेला आणि म्हणाले, "शिक्का सोमवारचा हाय. आमी येळेत टाकलंय, ताई."

"अहो, पण मी वरच राहते. जिन्यातून एक हाक मारली असती तरी चाललं असतं."

"हाकेला पुरावा काय हाय?" त्यांनी शांतपणे विचारलं.

नंतर त्या घरात मी बरीच वर्षं काढली, तरी मला हाकेचा पुरावा सापडला नाही. त्या दिवसापासून मी पाण्याची वेळ मात्र काकूंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, विचारू लागले.

त्यांना सगळे मालक म्हणत. आता सोलापुरात मालक कुणालाही म्हणतात. रिक्षावाल्याला म्हणतात, भजीच्या गाड्यावरच्या माणसाला म्हणतात, रस्ता विचारायचा असला तर समोरून येणाऱ्या अनोळखी माणसालाही म्हणतात. पण हे एके काळी खरोखरचे मालक होते. पूर्व भागात त्यांचा आणि त्यांच्या धाकट्या भावाचा चादरींचा कारखाना होता. घरात तेलुगू, बाजारात मराठी आणि मागावरच्या कामगारांशी दोन्हींची मिसळ, असं त्यांचं बोलणं. कारखाना मी यायच्या आधीच बंद पडला होता आणि माग भंगारात गेले होते. राहिला होता तो सुताच्या लडी तोलायचा एक लहानसा पितळी काटा. मालक आता त्यावर पाकिटं तोलत.

साध्या पत्राचं वजन वीस ग्रॅमच्या पुढं गेलं की तिकीट वाढतं, ही गोष्ट त्यांनी मला इतक्या वेळा सांगितली होती की मी ती झोपेतही सांगू शकले असते. एखादं पाकीट किंचित जड भरलं तर ते जास्तीचं तिकीट लावत नसत. कात्री आणून कागदाचा समास कापत. एकदा समास कापूनही काटा हलेना, तेव्हा त्यांनी मजकूरही थोडासा कापला. ते पत्र मलाच आलं होतं. गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांबद्दल होतं आणि प्रत्येक ओळीचा शेवटचा शब्द गायब होता, त्यामुळे कपडे वाळत घालायचे की घालायचे नाहीत, हे शेवटपर्यंत कळलं नाही. मी घालत राहिले.

संध्याकाळी त्यांच्या ओट्यावर माणसं यायची. प्रश्न बहुतेक दोनच जातींचे असत, बँकेचे आणि पोस्टाचे. खात्यात पैसे नसताना चेक दिला तर काय होतं, मुलाला पुण्याला शेंगाचटणी पाठवायची तर पार्सलात तेल सुटेल का, राखी साध्या टपालानं टाकली तर वेळेत पोचते का, पूर्वीसारखं रजिस्टर होत नाही म्हणतात तर मग भाडेकरूला नोटीस कशी पाठवायची. मालक सगळं मन लावून ऐकत. मान हलवत. आणि शेवटी वही काढून म्हणत, "पत्ता सांगा."

उत्तर पोस्टानं जायचं. समोर बसलेल्या माणसालाही. कोपऱ्यावर साड्यांना फॉल-पिको करणाऱ्या एक बाई होत्या. त्यांना बँकवाले स्वतःहून ओव्हरड्राफ्ट देतो म्हणत होते, घ्यावा की घेऊ नये, हे विचारायला त्या आल्या. मालकांचं उत्तर त्यांना मिळालं त्यात 'घ्यावा, परंतु' असं लिहून पुढं दोन पानं नुसतं परंतु होतं. तोवर बाईंनी तो घेतलाही होता आणि दुकानाला नवीन मशीनही आणलं होतं. उशिरा आलेल्या सल्ल्यानं कुणाचं नुकसान होत नाही, हा मालकांच्या सल्ल्याचा मोठाच गुण होता. लोक तरीही येत. मला वाटतं, कुणीतरी आपल्याला पत्र लिहिणार, एवढ्यासाठीच काही जण येत असावेत.

तत्त्व मात्र ते तोंडी सांगत. ओव्हरड्राफ्टला ते ओडी म्हणत, आणि ज्या आवाजात दुसरी माणसं आपल्या गुरूचं नाव घेतात त्या आवाजात म्हणत.

"कर्ज कसं हाय ताई, एकदा घेतलं की डोक्यावर बसतंय. ओडी तसं न्हाय. बँक म्हणती, ही तुमची मर्यादा, हितपर्यंत तुमी मोकळे. जेवडं वापरलं तेवड्यालाच व्याज. तेबी जेवडे दिवस वापरलं तेवडे दिवस. भरलं की मिटलं, पायजे तवा परत काडा."

"आणि मर्यादेच्या पुढं गेलं तर?" मी विचारलं.

"तर चेक परत जातोय," ते म्हणाले, आणि बोलता बोलता उठून आत गेले. चहाचा कप अर्धा तसाच ओट्यावर राहिला. मला ते जरा विचित्र वाटलं. कारण पुढं काकूंनी सांगितलं तेव्हा कळलं.

त्यांचं स्वतःचं ओडी खातं अजून चालू होतं. कारखाना गेला, सूत गेलं, कामगार गेले, पण खातं होतं. माग विकून आलेले पैसे दोघा भावांनी बँकेत मुदत ठेवीत ठेवले होते आणि त्याच ठेवीवर ही ओडी पुढं चालू ठेवली होती. म्हणजे पैसे यांचेच, बँक तेच यांना वापरायला द्यायची आणि वर व्याज घ्यायची. दोघांपैकी कुणीही एकट्याच्या सहीनं पैसे काढू शकत होता. मालक दर महिन्याला त्यातून तिकिटांपुरते पैसे काढत. बँकेला आपण काही देणं लागत नाही, ही कल्पनाच त्यांना एकाकी वाटायची. धाकटे मालक उलट. बँकेचं देणं म्हणजे त्यांना चारचौघांत सदऱ्याचं बटण तुटल्यासारखं व्हायचं. मालकांनी पैसे काढले की ते जाऊन तेवढेच भरून यायचे. पासबुकात वर्षभर हा खो-खो चालायचा.

"मालक, तुमच्याच पैशांवर तुम्हीच व्याज देता," मी एकदा न राहवून म्हणाले.

"मग? आपल्याच हिरीचं पाणी काडायला दोर लागतोयच की."

मी वाद घातला नाही. पत्रानं उत्तर आलं असतं.

धाकटे मालक भिंतीपलीकडे राहत. घर एकाच जोत्यावरचं, पण अंगणात मधोमध एक भिंत. ती फार उंच नव्हती. टाचा उंच केल्या तर पलीकडचं दिसायचं, आणि दोन्हीकडच्या बायका दिवसभर टाचा उंच करूनच असायच्या. भाजीच्या वाट्या जायच्या, कडक भाकरी यायच्या, तेलुगूत सगळ्या गल्लीची खबर इकडून तिकडं व्हायची. दोन्ही पुरुष मात्र एकमेकांशी बोलत नसत. त्यांचा सगळा व्यवहार पोस्टानं चाले. गच्चीचं कुलूप बदललंय, घरपट्टीचा अर्धा वाटा भरावा, लिंबाची फांदी तुमच्या बाजूला वाकली आहे, असलं काहीतरी. कोपऱ्यावरच्या लाल पेटीत पडलेलं पत्र मोठ्या पोस्टात जायचं, तिथं शिक्का खायचं, आणि दोन-तीन दिवसांनी निघालं होतं तिथून एका भिंतीच्या अंतरावर येऊन पोचायचं. पत्रात काय आहे, हे काकूंना जावेकडून आधीच कळलेलं असायचं. "उद्या पत्र येतंय बघा, मोरीच्या पाइपाचं," असं त्या मला भांडी घासता घासता सांगायच्या.

पण मालकांच्या आणि धाकट्यांच्या पत्रात एक फरक होता. मालकांच्या पाकिटावर तोलून मापून लावलेलं तिकीट असे. धाकटे तिकीटच लावत नसत. त्यांचं प्रत्येक पत्र बैरंग. बैरंग पत्राचा नियम असा, की जेवढं तिकीट कमी, त्याच्या दुप्पट पैसे पत्र घेणाऱ्यानं द्यायचे. आमच्या भागात पत्रं वाटायला एक बाई येत. त्या दारात उभ्या राहून दर वेळी नियमाप्रमाणं विचारत, "मालक, बैरंग हाय. घेताय का परत पाठवू?"

"घेतो की. काय करता," असं म्हणून मालक खिशातून सुटे पैसे काढत आणि धाकट्याला आयुष्यात हिशेब कळला नाही म्हणून पुटपुटत आत जात. पत्र नको म्हटलं असतं तर ते परत गेलं असतं आणि भुर्दंड धाकट्यांना पडला असता. हा नियम त्यांनीच मला समजावून सांगितला होता. तरी त्यांनी एकही पत्र कधी परत पाठवलं नाही.

हे सगळं कशावरून झालं, ते मला काकूंनी एका दुपारी शेंगा कुटताना सांगितलं. कारखाना चालू असतानाची गोष्ट. धाकट्यांच्या मुलीचं लग्न ठरलेलं. त्याच आठवड्यात बाजारात सूत एकदम स्वस्त झालं. मालकांनी संधी साधून ओडीची सगळी मर्यादा वापरली आणि सूत उचललं. आता हे भावाला कळवायला हवं, कारण खातं दोघांचं, तोही चेक फाडणार. मालकांनी कळवलं. पोस्टानं.

"तेव्हा भिंत होती का?" मी विचारलं.

"कुटली भिंत. एका पंगतीला बसून जेवत होते की दोघं. त्या दिवशीबी जेवले. ह्यांनी जेवताना शब्द काडला न्हाय. का, तर पत्र टाकलंय. कारखान्याची गोष्ट लेखी पायजे."

पत्र वाटेत होतं, तेव्हाच धाकट्यांनी मंगल कार्यालयाला चेक दिला. तो परत आला. कार्यालयवाला घरी आला तेव्हा समोर व्याही बसलेले होते. त्यानं आवाज खाली ठेवला नाही. मालकांनी संध्याकाळपर्यंत कुठून कुठून रोख पैसे उभे करून कार्यालयवाल्याच्या हातावर ठेवले, लग्न झालं, मुलगी भिवंडीला नांदायला गेली. पण त्या दिवशी व्याही गेल्यावर धाकट्यांनी विचारलं, अन्ना, मला सांगितलं का नाहीस. तोवर ते पत्र आलेलंच होतं. मालकांनी ते उचललं आणि भावासमोर धरून त्यावरचा शिक्का दाखवला. चेक दिल्याच्या आदल्या दिवसाचा होता.

काकूंनी बत्ता थांबवला. "तवा शिक्का दाखवायचा असतोय व्हय?" त्या म्हणाल्या. "तेच्या पोरीचं लगीन होतं."

धाकट्यांनी त्यावर एवढंच म्हटलं होतं, तुला पत्रच पाहिजे ना, मग आता पत्रच मिळेल. पुढच्या आठवड्यात पहिलं बैरंग पत्र आलं आणि महिनाभरात अंगणात भिंत उभी राहिली. मालकांना आपली चूक कळली नव्हती असं मला वाटत नाही. पण शिक्क्याच्या हिशेबानं ते बरोबर होते, आणि ज्याच्याकडे पुरावा असतो त्याला माफी मागणं फार अवघड जातं. मला त्यांचा तेव्हा रागच आला. संध्याकाळी ते ओट्यावर कुणाला तरी पार्सलाला सुतळी कशी बांधावी ते सांगत होते. माझ्याकडे बघून हसले, तर मी हसले नाही.

हे कळल्यावर ते ओडी खातं इतकी वर्षं का बंद करत नाहीत, तेही कळलं. खात्याचं दरवर्षी नूतनीकरण करावं लागे, आणि त्याला दोघांच्या सह्या अधिकाऱ्यासमोर लागत. वर्षातला तो एक दिवस.

"सगळे म्हणतात, बंद करा, फुकट व्याज जातंय," काकू म्हणाल्या. "जाऊ द्या की. त्या दिवशी दोघं एका सोफ्यावर बसतात. तेवड्यासाठी हाय ते खातं. तेबी गेलं तर एकदम कुणाच्यातरी मयतालाच भेटतील."

मालकांचा गुडघा दुखायला लागल्यापासून त्या दिवशी त्यांना बँकेत न्यायचं काम माझ्याकडे आलं. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशात शाईचं पेन, डोक्याला तेल. स्कूटीवर मागं बसून ते सगळ्या रस्त्यानं मला गतिरोधकांची आगाऊ सूचना देत. तोंडी. बँकेत धाकटे मालक आधीच येऊन सोफ्याच्या एका टोकाला बसलेले असत. मालक दुसऱ्या टोकाला बसत. कागद समोर आला की मालक सही करत. त्यांची सही बघण्यासारखी होती, पहिल्या अक्षरापासून शेवटच्या फराट्यापर्यंत जणू छापलेली, वर्षानुवर्षं केसाचाही फरक नाही. मग धाकटे खिसे चाचपत आणि समोर बघत म्हणत, "अन्ना, पेन."

धाकट्यांनी एकदाही स्वतःचं पेन आणलं नाही. मला आधी तो विसराळूपणा वाटला होता.

नंतर दोघं बँकेसमोरच्या गाड्यावर डिस्को भजी खात आणि चहा पीत. बोलणं तेलुगूत. इतक्या वर्षांत मला कामापुरती तेलुगू कळू लागली होती, आणि त्या बोलण्याला तेवढी पुरेशी होती.

"गुडघा?"

"हाय तसाच. तुजा दात?"

"काडला."

एवढं झालं की धाकटे रिक्षानं जात आणि मालक माझ्या स्कूटीवर बसत. घर एकच होतं, पण एका रिक्षानं जाणं त्या दोघांनाही जास्त झालं असतं. घरी आल्यावर मालक दोन दिवस प्रसन्न असत. एका वर्षी तर त्यांनी मला पाणी येणार असल्याचं तोंडी सांगितलं होतं.

सगळं असं सुरळीत चालू असताना बँकेत एक नवीन मॅनेजर आला. तरुण, बाहेरगावचा, आणि ग्राहकाची सेवा करायची असं खरोखर मनात धरून आलेला. असा माणूस काय करील ते सांगता येत नाही. त्यानं जुन्या तक्रारींची फाइल काढली. तीत निम्मी पत्रं मालकांची होती. मालक गेली कित्येक वर्षं बँकेला दरवर्षी लिहीत आले होते, की वयोवृद्ध खातेदारांना नूतनीकरणासाठी बँकेत बोलावण्याचा त्रास देऊ नये, कागद पोस्टानं पाठवावेत आणि सह्या पोस्टानंच परत घ्याव्यात. ही मागणी ते तत्त्व म्हणून करत. कुठलीही बँक ती मान्य करणार नाही याची त्यांना पक्की खात्री होती, म्हणूनच ते ती इतक्या जोरात करत.

मॅनेजरनं ती मान्य केली. दिलगिरीसह. स्पीड पोस्टानं आलेलं ते पत्र मालकांनी ओट्यावर उभ्यानं वाचलं, मग बसून वाचलं. दोघा भावांना वेगवेगळे कागद पाठवण्यात येतील, घरीच सही करून सोबतच्या पाकिटातून परत पाठवावेत, तिकीट लावण्याची गरज नाही.

"सुधारली म्हणायची बँक," मालक म्हणाले.

"आता बसा घरात," आतून काकू म्हणाल्या. "मागत होता न्हवं? मिळालं."

त्या दिवशी ते जेवले नाहीत. संध्याकाळी ओट्यावर आलेल्या माणसांना त्यांनी नुसतंच पोस्टात जाऊन विचारा म्हणून सांगितलं. मला त्यांची फार दया आली, आणि हसूही येत होतं. मी शेजारी जाऊन बसले.

"मॅनेजरला सांगा की, आम्ही येऊनच सह्या करतो," मी म्हणाले.

"कसं सांगायचं?"

"तोंडी. मी फोन लावून देते."

"तोंडी मागणी मागं घेता येत न्हाय."

"मग लेखी घ्या."

"लेखी मागितलं मीच. आता लेखी नको म्हणायचं? फायलीला दोन्ही कागद एकाखाली एक लागतील. लोकं काय म्हणतील?"

"मग धाकट्या मालकांनाच सांगा, की चल, दोघं मिळून जाऊ."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की जणू मी त्यांना भिंतीवर चढायला सांगितलं. मग भिंतीकडेच बघू लागले. "तो म्हणंल, आता कशाला," ते म्हणाले. "तेला तरी काय पडलंय."

कागद आले. एक इकडे, एक तिकडे. त्यानंतरचे काही दिवस मालक जुन्या वर्तमानपत्रांच्या कोऱ्या कडांवर पेन घेऊन काहीतरी गिरवत असायचे. मी समजले, हाताला कंप आलाय, सहीचा सराव चाललाय. एकदा जवळून बघितलं तर त्या सगळ्या सह्याच होत्या, आणि सगळ्या एकसारख्या उत्तम होत्या.

"चांगली तर येतेय," मी म्हणाले.

"तेच की," ते वैतागून म्हणाले. "बिगडतच न्हाय."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. जन्मभर एकाच वळणानं सही केलेल्या माणसाला ती चुकवायची होती आणि त्याचा हात ऐकत नव्हता. सही जुळली नाही तर बँक खातेदाराला समोर बोलावते, हा नियम त्यांना ठाऊक होता. मागणी मागं घ्यावी लागत नव्हती, भावाला विचारावं लागत नव्हतं, आणि बोलावणं बँकेकडूनच आलं असतं. अखेर त्यांनी डाव्या हातानं सही केली. ते पाकीट त्यांनी पेटीत टाकलं ते इकडे तिकडे बघून, चोरासारखं.

पुढच्या आठवड्यात बँकेतून फोन आला. दोघांनीही समक्ष यावं, सह्यांची अडचण आहे. मालकांनी इस्त्रीचा शर्ट काढला, डोक्याला तेल लावलं. काकूंनी भिंतीवरून पलीकडे काहीतरी सांगितलं आणि पलीकडून बांगड्यांसकट हसण्याचा आवाज आला.

धाकटे मालक सोफ्याच्या त्यांच्या टोकाला बसलेले होते. मॅनेजरनं आम्हाला आत बोलावलं. बिचारा घाबरलेला होता. पोस्टानं सह्या मागवायची कल्पना त्याची, आणि पहिल्याच खात्याला घोटाळा. त्यानं कॉम्प्युटरचा पडदा आमच्याकडे वळवला.

"आजोबा, रागावू नका, पण मला विचारावं लागतंय. हे कागद तुमच्या घरी दुसऱ्या कुणाच्या हातात पडले होते का?"

"न्हाय की. सही माजीच हाय," मालक म्हणाले. "हात हालला असंल. वय झालं."

"तुमची एकट्याची असती तर मीही तेच म्हटलं असतं," मॅनेजर म्हणाला. "पण दोन्ही जुळत नाहीत. यांचीही नाही."

त्यानं दुसरी सही मोठी करून दाखवली. ती तर सहीच नव्हती. धाकट्या मालकांनी मालकांसारखी मेहनत घेतलेली दिसत नव्हती. त्यांनी सरळ मुंगी शाईत बुडवून सोडावी तसं काहीतरी केलं होतं.

मालक वळून भावाकडे बघू लागले. धाकटे मालक वरच्या पंख्याकडे बघत होते. कान मात्र लाल झाले होते. इतक्या वयाच्या माणसाचे कान लाल झालेले मी पहिल्यांदाच बघितले.

"तुजा बी हात हालला?" मालकांनी तेलुगूत विचारलं.

"पेन नव्हतं घरात," धाकटे म्हणाले. "काडीनं केली."

मॅनेजरनं नवीन कागद पुढं केले. मालकांनी सही केली, छापल्यासारखी. मग कुणी मागायच्या आधीच त्यांनी पेन शेजारी सरकवलं. धाकट्यांनी सही केली, तीही अगदी चोख. मॅनेजरनं दोन्ही सह्या नीट ताडून बघितल्या, सुटकेचा श्वास सोडला आणि म्हणाला, की आता यापुढं तुम्हा दोघांना पोस्टानं काही पाठवणार नाही, दरवर्षी समक्षच यावं लागेल, त्रासाबद्दल माफ करा.

"आता काय करता," मालक म्हणाले. "नियम म्हंजे नियम. पर हे आमाला लेखी कळवा."

भजीच्या गाड्यावर त्या दिवशी दोघांनी चहा दोनदा घेतला.

त्यानंतर काही दिवसांनी दुपारी पत्रं वाटणाऱ्या बाई दारात आल्या. धाकट्यांचं अक्षर लांबूनच ओळखू यायचं. मालकांनी सवयीनं खिशात हात घातला आणि सुटे पैसे मोजून पुढं केले.

"नको, मालक," बाई म्हणाल्या. "आज तिकीट लावलंय."

मालक हातातले पैसे तसेच धरून उभे राहिले. पाकीट घेतलं, उलटं केलं, सुलटं केलं. मग आत जाऊन पितळी काटा ओट्यावर आणला आणि पाकीट तोललं. परत तोललं. मी जिन्यात उभी होते. काकू चुलीपासून उठून दारात आल्या. पाकीट न फोडताच मालक उठले, गुडघ्यावर हात ठेवत ठेवत अंगणात गेले आणि भिंतीजवळ टाचा उंच करून उभे राहिले. आयुष्यात मी त्यांचा तेवढा मोठा आवाज ऐकला नव्हता.

"तिकीट जास्ती लावलंयस," त्यांनी पलीकडे ओरडून सांगितलं. "ह्याच्या निम्म्यात आलं असतं."

पलीकडे कुणीतरी भांडं खाली ठेवलं. मालक टाचा उंच करून तसेच उभे होते.

मग भिंतीपलीकडून धाकट्या मालकांचा आवाज आला. बाकी तेलुगूत, एक शब्द तेवढा मराठीत.

"अन्ना, लेखी कळव."